ट्रॉलीचा मागचा दिवा का विझतो?



उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे कोल्हापूर-सांगलीपासून सोलापूर-अहिल्यानगरपर्यंतचे रस्ते रात्रीसुद्धा झोपत नाहीत. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर डोंगरासारखा ऊस, आणि कारखान्याकडे चाललेली ती संथ रांग. त्या रांगेतील पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो. म्हणजे दिवा बसवलेला असतो, पण तो लागत नाही. मालकाला विचारावे तर तो म्हणतो, "अहो, परवाच वायरमनकडून नीट करून आणला होता!" आणि तो खोटे सांगत नसतो. परवा लागत होता, आज लागत नाही, उद्या कदाचित आपोआप लागेलही. असे का होते, आणि ते आपल्याला घरच्या घरी कसे शोधता येईल, हे आज पाहू या.

आधी ही गोष्ट महत्त्वाची का, ते एका साध्या गणिताने सांगतो. शिक्षकांनी हे गणित सातवी-आठवीच्या मुलांना जरूर घालावे. मोटारसायकल ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. ६०,००० मीटरला ३,६०० सेकंदांनी भागा. उत्तर येते सेकंदाला साधारण १७ मीटर. समोर काही दिसल्यावर ते ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंत माणसाचा निदान एक सेकंद जातो. म्हणजे १७ मीटर तर नुसते विचारातच गेले. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबायला आणखी २० ते २५ मीटर लागतात. बेरीज झाली चाळीस मीटरच्या आसपास. आता मोटारसायकलचा खाली पाडलेला उजेड काळ्याकभिन्न वस्तूवर किती अंतरावर पडतो? तीस-चाळीस मीटर. समोरून दुसऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला, तर तेवढाही नाही. म्हणजे ट्रॉली दिसली त्या क्षणी वेळ निघून गेलेली असते. चालवणारा कितीही सावध असो, गणितच त्याच्या विरुद्ध आहे. मागे दोन लाल ठिपके असते, तर तीच ट्रॉली त्याला दोनशे मीटरांवरून कळली असती.

आणि गंमत अशी, की गाडीवरचा हा एकच दिवा असा आहे जो चालवणाऱ्याला स्वतःला कधी दिसत नाही. पुढचा दिवा गेला, तर रस्ता दिसेनासा होतो आणि ड्रायव्हर तिथल्या तिथे थांबतो. मागचा गेला, तर त्याचे काहीच अडत नाही. अडते ते मागून येणाऱ्याचे.

पूर्वी बैलगाडीच्या साटीखाली कंदील टांगलेला असे. त्यात बिघाड झाला तर डोळ्यांना दिसायचा. तेल संपले, वात काजळली, काच फुटली, बस्स. विजेच्या दिव्याचे तसे नाही. वीज दिसत नाही, म्हणून आपण अंदाजाने चाचपडतो. बल्ब बदलतो, वायर ओढून पाहतो, होल्डरवर दोन चापट्या मारतो. दिवा लागला की म्हणतो, झालं काम! पण दुखणे तसेच राहते. तेव्हा आधी वीज चालते कशी, ते समजून घेऊ.

वीज गेली तशी परत आली पाहिजे

रहाटगाडगे आपण पाहिले आहे, किंवा आजोबांकडून ऐकले तरी आहे. गाडग्यांची माळ खाली जाते, पाणी भरते, वर येते, ओतते आणि पुन्हा खाली जाते. माळ अखंड आहे तोवर रहाट चालतो. ती वर तुटो की खाली, सगळे चाक थांबते. विजेचे अगदी तसेच आहे. बॅटरीच्या एका टोकातून ती निघते, स्विच, फ्यूज, वायर यांतून बल्बपर्यंत जाते, बल्बची तार तापवून उजेड पाडते, आणि मग तिला बॅटरीच्या दुसऱ्या टोकाकडे परत यावे लागते. परतीची वाट नसेल, तर जाण्याची वाट कितीही चांगली असून उपयोग नाही.

ट्रॅक्टरवर परतीसाठी प्रत्येक दिव्याला वेगळी वायर देत नाहीत. सगळा लोखंडी सांगाडाच परतीची वाट म्हणून वापरतात. यालाच आपले वायरमन 'अर्थिंग' म्हणतात. नाव अर्थिंग असले तरी त्याचा जमिनीशी, मातीशी काही संबंध नाही, हे ध्यानात घ्या. घरच्या विजेचे अर्थिंग निराळे, हे निराळे. इथे अर्थिंग म्हणजे सांगाड्यातून बॅटरीकडे परत जाणारी वाट.

ट्रॅक्टरपुरते हे ठीक आहे. ट्रॉलीचे काय? ट्रॉलीचा सांगाडा आणि ट्रॅक्टरचा सांगाडा यांना जोडते कोण? हुकातली पिन! आणि त्या पिनीला असतात ग्रीस, धूळ आणि गंज. रस्ता सपाट असताना पिन एका बाजूला दाबून बसते, तेव्हा दिवे लागतात. खड्डा आला की पिन उडते आणि दिवे जातात. दिवे लुकलुकणाऱ्या कितीतरी ट्रॉल्यांचे सारे रहस्य या एका पिनीत असते. म्हणून नियम असा की, ट्रॉलीच्या अर्थिंगसाठी प्लगमधून एक स्वतंत्र जाड वायर आणली पाहिजे. पिनीच्या भरवशावर राहू नये.

गंज नेमके काय करतो?

शिक्षकांसाठी थोडे अधिक सांगतो. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम आपण शाळेत शिकवतो. दाब भागिले विरोध म्हणजे प्रवाह. त्याचे उदाहरण पुस्तकात शोधायला नको, ट्रॉलीवरच आहे. ब्रेकचे दोन बल्ब, प्रत्येकी २१ वॅटचे, मिळून ४२ वॅट. बॅटरी १२ व्होल्टची. म्हणजे प्रवाह झाला साडेतीन अँपिअर, आणि दोन्ही बल्बांचा मिळून विरोध साधारण ३.४ ओहम. आता अर्थिंगच्या बोल्टाखाली गंज चढला आणि त्याने केवळ एक ओहम विरोध आणला असे समजा. एकूण विरोध ४.४ ओहम झाला. प्रवाह उतरला सुमारे २.७ अँपिअरवर, आणि बल्बांच्या वाट्याला १२ ऐवजी सव्वानऊच्या आसपास व्होल्ट आले. दाब पाऊण झाला, तर उजेडही पाऊण मिळेल असे वाटते ना? तसे होत नाही. बल्बची तार जरा थंड पडली की उजेड फार झपाट्याने उतरतो. सव्वानऊ व्होल्टला तो निम्म्याहूनही कमी राहतो. चिमूटभर गंज आणि उजेड अर्धा! दिवा 'लागतो' खरा, पण पन्नास पावलांवरून दिसत नाही.

वर्गात हे दाखवायचे असेल तर टॉर्चचे दोन सेल, टॉर्चचा बल्ब आणि गंजलेली लोखंडी पट्टी एवढे पुरे. वायरीची दोन टोके पट्टीवर लांब लांब टेकवा. बल्ब लागणार नाही किंवा मिणमिणेल. मग तीच जागा काचकागदाने घासून पांढरी करा आणि पुन्हा टेकवा. बल्ब लख्ख लागेल. मुले हा धडा विसरणार नाहीत.

एक दिवा लावावा, तर दुसरा का लागतो?

आता एक चमत्कारिक तक्रार घेऊ. "डावा इंडिकेटर दिला, तर मागचे लाल दिवे लुकलुकतात," किंवा "ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे आणि इंडिकेटर सगळेच मिणमिणतात." अशा वेळी लोकांना वाटते, वायरी एकमेकींना चिकटल्या असाव्यात, आणि ते सगळी वायरिंग उपसून काढतात. थांबा. वायरी तोडू नका. हे बहुतेक वेळा अर्थिंग तुटल्याचे लक्षण असते.

पाटाला पुढे बांध पडला की पाणी काय करते? शेजारच्या वाफ्यात शिरते. वीजही तेच करते. इंडिकेटरची वीज बल्बमधून ट्रॉलीच्या सांगाड्यात आली. तिथून परतीची वाट बंद आहे. पण त्याच सांगाड्याला पार्किंगचा बल्बही जोडलेला आहे. मग ती वीज त्या बल्बमधून उलटी शिरते, पार्किंगच्या वायरीने ट्रॅक्टरपर्यंत जाते, आणि ट्रॅक्टरच्या स्वतःच्या पार्किंग दिव्यांतून तिथल्या चांगल्या अर्थिंगला मिळते. वाट सापडली, पण आडवाटेने. म्हणून नको ते दिवे मिणमिणतात आणि हवा तो धड लागत नाही. एक अर्थिंगची वायर नीट जोडली की भुताटकी संपते.

हे दुखणे काही आपल्याच मुलखाचे नाही. अमेरिकेत जुन्या पिकअप गाड्यांमागे लहान ट्रेलर जोडतात. त्यांच्या चार वायरींच्या साध्या प्लगमध्ये पांढरी वायर अर्थिंगची, तपकिरी पार्किंगची, पिवळी डाव्या बाजूची आणि हिरवी उजव्या बाजूची. ब्रेक आणि इंडिकेटर तिथे एकाच बल्बात, एकाच वायरीवर असतात. गाडी निराळी, रंग निराळे. पण तिथेही दिव्यांचा गोंधळ झाला की आधी पांढरी वायर तपासायची, हाच पाठ आहे.

हत्यारे कोणती लागतील?

फार नाहीत. काचकागद, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, दोन पाने, एक पाच-सहा मीटर लांब सुटी वायर, आणि मुख्य म्हणजे टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प घरीच होतो. १२ व्होल्ट, २१ वॅटचा एक बल्ब होल्डरमध्ये बसवा. होल्डरच्या दोन वायरींना दोन चिमटे लावा. झाले.

कोणी म्हणेल, आमच्याकडे मीटर आहे, बल्ब कशाला? मीटर चांगलाच आहे. पण मीटर स्वतः वीज जवळजवळ घेत नाही. वायरीचे वीस पदर तुटून एकच उरला असला, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि आपण फसतो. बल्ब मात्र खरी मजुरी मागतो. वाट अरुंद असेल तर तो लगेच मंद होऊन सांगतो. नुसत्या उभ्या बैलाकडे पाहून त्याची ताकद कळत नाही, जू ठेवल्यावर कळते, तशातली ही गोष्ट.

काम सुरू करण्यापूर्वी दोन शब्द. ट्रॅक्टर सपाटीवर उभा करा, इंजिन बंद ठेवा, चाकांना दगड लावा. इंजिन चालू असताना ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये कधीही उभे राहू नका. बारा व्होल्टचा धक्का बसत नाही, हे खरे. पण पाना चुकून बॅटरीच्या दोन टोकांवर आडवा पडला तर तो लालबुंद होतो. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो, तेव्हा तिच्याजवळ बिडी-काडी नको. वायर तोडायची-जोडायची असेल, तर आधी बॅटरीचे अर्थिंगचे टोक सोडा.

बिघाड ट्रॅक्टरचा की ट्रॉलीचा?

पहिला प्रश्न हाच. प्लग काढा. ट्रॅक्टरच्या मागच्या सात पिनांच्या सॉकेटकडे पाहा. आतल्या बाजूला प्रत्येक जागेला आकडा कोरलेला असतो. आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धतीत १ हा डावा इंडिकेटर, ३ अर्थिंग, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा पार्किंग, ६ ब्रेक आणि ७ डावा पार्किंग. २ ची जागा आपल्याकडच्या ट्रॉलीत बहुधा रिकामी असते. वायरींच्या रंगावर मात्र विसंबू नका. ट्रॉल्या गावोगावच्या वर्कशॉपात बनतात, आणि ज्या दिवशी जी वायर हाताशी असेल ती कारागीर घालतो. रंग फसवील, आकडा सहसा फसवीत नाही, आणि टेस्ट लॅम्प मुळीच फसवीत नाही.

टेस्ट लॅम्पचा एक चिमटा ट्रॅक्टरच्या घासून स्वच्छ केलेल्या लोखंडाला लावा. दुसऱ्या वायरीने एकेक जागा तपासा. पार्किंगचा स्विच चालू करून ५ आणि ७. कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगून ६. इंडिकेटर देऊन १ आणि ४, तिथे बल्ब लुकलुकला पाहिजे. आता अर्थिंग. चिमटा बॅटरीच्या ज्या टोकाला सांगाडा जोडलेला नाही त्या टोकाला लावा आणि दुसरी वायर ३ ला टेकवा. बल्ब लख्ख लागला पाहिजे. या सहा जागा नीट असतील तर ट्रॅक्टर निर्दोष. दोष ट्रॉलीत आहे.

मग ट्रॉलीकडे वळा. एक सुटी १२ व्होल्टची बॅटरी घ्या. तिचे ऋण टोक ट्रॉलीच्या प्लगच्या ३ ला जोडा. धन टोकाकडून, मध्ये फ्यूज घालून, एकेका जागेला वीज द्या आणि मागे काय लागते ते मुलाला पाहायला सांगा. सगळेच दिवे मंद असतील, तर अर्थिंगचा मुख्य जोड वाईट. एकाच बाजूचे सगळे दिवे मंद असतील, तर त्या बाजूच्या दिव्याचा स्वतःचा अर्थिंग स्क्रू वाईट. एकच दिवा लागत नसेल, तर तो बल्ब, त्याचा होल्डर किंवा त्याची वायर. एवढ्या तीन वाक्यांत निम्मे निदान होते.

अर्थिंगचा संशय असेल तर आणखी सोपी परीक्षा आहे. प्लग जोडा, दिवे लावा. ती लांब सुटी वायर घेऊन तिचे एक टोक ट्रॅक्टरच्या स्वच्छ लोखंडाला आणि दुसरे मागच्या दिव्याच्या अर्थिंग स्क्रूला टेकवा. दिवा एकदम उजळला, तर चोर सापडला.

अर्थिंग दुरुस्त करताना नुसता बोल्ट आवळून भागत नाही. बोल्ट काढा. खालचा रंग आणि गंज काचकागदाने घासून लोखंड चकचकीत करा. वायरीला चांगली कडी दाबून बसवा, दातेरी वॉशर घाला, मग घट्ट आवळा. नंतर वरून थोडे ग्रीस किंवा व्हॅसलीन चोपडा, म्हणजे पाणी शिरणार नाही. दर वर्षी हंगामापूर्वी हे एकदा करावे.

प्लग आणि सॉकेटच्या पितळी पिना हीदेखील एक नेहमीची जागा. पितळेच्या भांड्याला कळंक चढतो तसा त्यांनाही हिरवा थर चढतो. तो घासून काढा. पिना चिरलेल्या असतात. त्या दबल्या असतील, तर बारीक स्क्रू ड्रायव्हरने किंचित फाकवा, म्हणजे घट्ट बसतील. ट्रॉली सोडली की प्लग मातीत लोळू देऊ नका. त्याला टांगायला एक आकडा लावून ठेवा.

बल्ब आणि होल्डर

मागच्या लाल दिव्यात बहुधा एकाच बल्बात दोन तारा असतात. ५ वॅटची पार्किंगची आणि २१ वॅटची ब्रेकची. या बल्बाच्या बाजूच्या दोन खुंट्या एका पातळीत नसतात. तो उलटा बसू नये म्हणूनच तशी रचना केलेली आहे. तरी काही जण जोर लावून उलटा बसवतात. मग मागे सतत ब्रेकचा मोठा दिवा लागलेला राहतो, आणि ब्रेक दाबला तरी मागच्याला काही फरक कळत नाही. दुसरी चूक म्हणजे तिथे एका तारेचा बल्ब बसवणे. त्याच्या बुडाची एकच मोठी टिकली होल्डरमधल्या दोन्ही पट्ट्यांना एकत्र जोडते, आणि ब्रेक व पार्किंग एक होऊन जातात. बल्ब स्वस्तात मिळाला म्हणून असा घोळ विकत घेऊ नये.

हल्ली एलईडीचे दिवे आले आहेत. ते हादऱ्याने लवकर जात नाहीत आणि वीजही थोडी घेतात. पण दोन गोष्टी लक्षात असू द्या. साधा बल्ब उलटसुलट कसाही जोडला तरी लागतो, एलईडीला धन आणि ऋण टोके बरोबर लागतात. परदेशी बनावटीच्या काही जुन्या ट्रॅक्टरांत सांगाडा बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला असे. तुमचा ट्रॅक्टर फार जुना असेल, तर बॅटरी आधी पाहून घ्या. दुसरे असे की, इंडिकेटरचा जुना फ्लॅशर बल्बांच्या भारावर चालतो. एलईडी लावल्यावर भार कमी पडतो आणि इंडिकेटर फार भरभर लुकलुकतो किंवा नुसताच लागून राहतो. अशा वेळी एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवावा.

वायर कुठे तुटते?

वायर वाटेल तिथे तुटत नाही, तिच्या ठरलेल्या जागा आहेत. पहिली हुकाजवळ. वळताना ती ताणली जाते किंवा रस्त्यावर घासते. तिथे वळण घेता येईल एवढी सैल, पण जमिनीला न लागणारी अशी झोळी ठेवावी. दुसरी, लोखंडाच्या भोकातून ती जाते तिथे. कडेवर घासून तिची साल निघते. भोकाला रबरी बुश लावा. तिसरी जागा उचलत्या ट्रॉलीची. हौदा खाली येतो तेव्हा वायर त्याच्या आणि चेसीच्या मध्ये चिरडते. आणि चौथी, शेडमध्ये पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॉलीत उंदरांनी कुरतडलेली.

घरातली एका जाड तारेची वायर ट्रॉलीला घालू नका. हादऱ्याने ती आतल्या आत मोडते आणि वरून धड दिसते. पुष्कळ बारीक पदरांची गाडीची वायर घ्या. जाडीसुद्धा पाहा. दोन ट्रॉल्या जोडल्या तर ब्रेकचे चार बल्ब होतात, म्हणजे सात अँपिअर. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या बारा मीटर तांब्याच्या वायरीत सुमारे ०.४२ ओहम विरोध असतो. सात अँपिअरला त्यातच जवळजवळ तीन व्होल्ट खर्ची पडतात! तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर अर्धा-पाऊण व्होल्टच जातो. पहिल्या ट्रॉलीचे दिवे लख्ख आणि दुसरीचे मंद असतील, तर बारीक वायर किंवा दोन ट्रॉल्यांमधला जोड हेच कारण असते. जोड नुसते पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळू नका. झाळून किंवा पक्की कडी दाबून जोडा आणि वरून नळी चढवा.

फ्यूज पुन्हा पुन्हा जातो

फ्यूज जातो म्हणजे तो आपले काम करतो. राखणदार ओरडला म्हणून त्याचे तोंड बांधायचे नसते. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घातली, तर पुढच्या वेळी फ्यूज जळणार नाही, वायर जळेल. आणि वायरीशेजारी असते वाळलेले पाचट. पुढचे सांगायला नको.

असा दोष शोधण्याची युक्ती सुरेख आहे. जळका फ्यूज काढा आणि त्या दोन टोकांना टेस्ट लॅम्पचे दोन चिमटे लावा. त्या वाटेचा स्विच चालू करा. वायर कुठे लोखंडाला टेकली असेल, तर टेस्ट लॅम्प पूर्ण तेजाने लागेल. आता ट्रॉलीचा प्लग काढा. लॅम्प विझला किंवा बराच मंद झाला, तर दोष ट्रॉलीत. तसाच राहिला, तर ट्रॅक्टरमध्ये. पुन्हा प्लग जोडा आणि ट्रॉलीची वायर हुकापासून मागेपर्यंत थोडी थोडी हलवत जा. ज्या ठिकाणी हात लावताच लॅम्प मंद होईल, तिथेच साल निघालेली आहे. या रीतीत फ्यूज एकही खर्च होत नाही.

दिवा लागतो, पण दिसतो का?

एवढे सगळे करून दिवे लख्ख लागले, आणि वरून उसाचे वाढे लोंबून त्यांना झाकून गेले, तर केले काय? हे नेहमी घडते. भराई झाली की मागची लोंबती टोके छाटा. किंवा एका फळीवर दिवे बसवून ती फळी भरलेल्या मोळ्यांच्या बाहेर बांधण्याची सोय ठेवा. काचेवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसा.

दिव्याच्या जोडीला परावर्तक पट्ट्या हव्यात. आपण त्यांना 'रेडियम' म्हणतो, पण त्यांत रेडियम नसते आणि त्या स्वतः उजेड देत नाहीत. त्यांच्यावर पडलेला उजेड त्या आल्या वाटेने परत पाठवतात. मागे तांबडी, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी असा नियम आहे. धुळीने भरलेली पट्टी आंधळी होते, ती पुसत जा. आणि पट्टी आहे म्हणून दिवा नको, असे म्हणू नका. मागून येणाऱ्याचा स्वतःचा दिवा मंद असेल, तर पट्टी काय करणार? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे अंधार पडल्यावर मागे तांबडा दिवा असणे बंधनकारक आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा वर केलेले गणित अधिक ध्यानात ठेवावे.

ट्रॉली रस्त्यात बंद पडली तर शक्य तेवढी डांबराबाहेर घ्या. मागे निदान पन्नास मीटरवर तांबडा त्रिकोण ठेवा आणि एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा. आपल्याकडे भोवती दगड मांडण्याची रीत आहे. ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात, आणि पहाटे डेअरीला दूध घेऊन जाणारा मुलगा त्यांवर आदळतो. हे फार वाईट आहे. त्रिकोण ठेवा, दगड ठेवू नका. ठेवलेच असतील, तर उचलून मग निघा.

शेवटी एक सवय सांगतो. फडातून निघताना पाच मिनिटे द्या. एकाने ट्रॅक्टरवर बसावे, एकाने ट्रॉलीमागे वीस पावलांवर उभे राहावे. पार्किंग, ब्रेक, डावा, उजवा, आणि शेवटी पार्किंगबरोबर ब्रेक. मागच्याने मोठ्याने 'आहे' किंवा 'नाही' म्हणावे. वाटेत चहाला थांबाल तेव्हा उतरून एकदा मागे फेरी मारावी. शिक्षकांनी शाळेतल्या वरच्या वर्गाला घेऊन हंगामाच्या सुरुवातीला गावातल्या ट्रॉल्या एक दिवस तपासाव्यात. टेस्ट लॅम्प मुलांनीच बनवावा, आणि कोणत्या ट्रॉलीत कोणता दोष निघाला याचा तक्ता वर्गात लावावा. ओहमचा नियम त्यांना पाठ करावा लागणार नाही. आणि त्या हंगामात गावच्या रस्त्यावरून रात्री घरी येणारा कोणी तरी सुखरूप घरी पोहोचेल.